चित्राशेजारी मराठीत चार ओळी तरी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौपाड्यात माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, त्यांच्या हाताखाली मी पट्टी कापायला शिकलो आणि आता माझ्या हाताखाली एक मुलगा शिकतो आहे. दुकानात येतं ते बहुतेक घरगुती काम. दत्ताचा किंवा स्वामी समर्थांचा फोटो, लग्नातला मोठा फोटो, पदवीचं प्रमाणपत्र, कुणाच्या आजीने केलेलं भरतकाम. महिन्यातून पाच-सात वेळा दिवसकार्याआधी घाईने हवा असलेला गेलेल्या माणसाचा फोटो. गेली वीस-बावीस वर्षं चित्रकारही येतात. ठाण्यात, घोडबंदरला, ऐरोली-नेरुळकडे चित्रं काढणारी किती माणसं राहतात, याचा मला चांगला अंदाज आहे, कारण त्यांचं चित्र घराबाहेर पडलं की आधी माझ्या टेबलावर येतं.

गेल्या जानेवारीत माझ्या एका गिऱ्हाईक बाईंची पाच चित्रं मुंबईतल्या एका कला अकादमीच्या समकालीन भारतीय कलेच्या प्रदर्शनात निवडली गेली. अकादमीचं नाव लिहीत नाही. जे तिथे पाहिलं ते मी आणखीही दालनांत पाहिलं आहे, त्यामुळे एकीवरच बोट ठेवणं बरं दिसणार नाही. बाई कोलशेतला राहतात, पन्नाशीच्या आहेत, शाळेत चित्रकला शिकवून उरलेल्या वेळात चित्रं काढतात. एवढ्या मोठ्या ठिकाणी निवड होण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. चित्रंही मोठी होती, प्रत्येकी ६० बाय ४८ इंच. अशा कॅनव्हासला काच लावत नाहीत. कॅनव्हास आणि पट्टी यांच्यात बोटभराहून कमी फट ठेवून चौकट करतात, म्हणजे चित्राच्या कडाही दिसतात. काम जिकिरीचं. एक कोपरा दोन मिलिमीटर सरकला तरी फट तिरकी दिसते आणि मग बघणाऱ्याची नजर चित्र सोडून तिथेच जाते.

कॅनव्हास ताणून मागच्या बाजूने पिना मारताना टेबलावर बारीक कण पडत होते. राखाडी, माती वाटावी असे. मला वाटलं, रंग नीट धरलेला नाही. बाईंना तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "पडू द्या, थोडे पडणारच." मी पुढे विचारलं नाही.

पाचही चित्रं जुन्या चादरींत गुंडाळली, कोपऱ्यांना पुठ्ठा बांधला आणि टेम्पोतून नेली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, माझा मुलगा मागे चित्रांना धरून. 'माझा मुलगा' म्हणतो खरा, पण तो माझ्या पोटचा नाही. मुंब्र्याच्या रेतीबंदरचा, बावीस वर्षांचा, पाच वर्षं माझ्याकडे आहे. अकादमीच्या दालनात चित्रं आम्ही दोघांनीच टांगली. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ६० इंचांवर येईल अशी दोरी आखायची, दोन हुक मारायचे, वर पाणसळ ठेवून बघायचं. चौथं चित्र टांगताना त्याने मला हळूच विचारलं, "काका, हे उलटं नाही ना लावत आपण?" मी चित्र वळवून मागचा बाण दाखवला. चित्रकार मागे बाण काढतात, वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून. बाण वरच होता. तो गप्प बसला आणि पुढचा हुक मारायला लागला.

उद्घाटनाच्या संध्याकाळी चित्राशेजारी चिठ्ठी लागली होती. इंग्रजीत. अनटायटल्ड ४, मिक्स्ड मीडिया (म्हणजे वेगवेगळी साधनं मिसळून) ऑन कॅनव्हास, ६० बाय ४८ इंचेस. दाराजवळच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचा इंग्रजी मजकूर होता. मी तो दोनदा वाचला. शब्द ओळखीचे होते, पण त्यांतून चित्रापर्यंत पोचता आलं नाही. मराठीत काय होतं? 'चित्रांना हात लावू नये.' तेवढं एक वाक्य.

बाहेर चहा घेताना बाईंनी मला सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. "तो मुंब्र्याच्या खाडीतला गाळ आहे हो. रेतीबंदरच्या काठावरून पिशवीत भरून आणला, गच्चीवर वाळवला, चाळला आणि अ‍ॅक्रिलिकच्या चिकात कालवून लावला. ती तांबूस पट्टी आहे ना, तो तिथल्या पडक्या लोखंडी बोटीचा गंज आहे. खरवडून आणलेला." त्या रोज कळव्याहून डोंबिवलीला शाळेत जायच्या, धिम्या गाडीने, दारात उभ्या राहून. पंधरा वर्षं ती खाडी बघितली आणि मग एकदा मुंब्र्याला उतरून खाली गेल्या.

म्हणजे माझ्या टेबलावर पडलेले कण खाडीचे होते. आणि त्या खाडीच्या काठावर जन्मलेल्या मुलाने तिचा गाळ खांद्यावरून दालनात नेला, भिंतीवर टांगला, उलटा तर लागला नाही ना म्हणून काळजी केली, पण हे काय आहे ते त्याला कळावं अशी सोय त्या अख्ख्या दालनात नव्हती. 'मिक्स्ड मीडिया' या दोन शब्दांखाली त्याचं घर झाकलं गेलं होतं.

परतताना टेम्पोत त्याला हे सांगितलं. मुलुंड येईपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, आईला आणू का एकदा?"

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. दारावरच्या पहारेकऱ्याने आम्हाला "कुणाकडे आलात?" म्हणून विचारलं. त्या माणसाला दोष देत नाही, त्याला तसंच सांगितलेलं असणार. पण माझ्या मागून आलेल्या दोघांना त्याने विचारलं नाही, आणि मुलाच्या आईने तेवढ्यात चप्पल काढून हातात घेतली होती. प्रवेश फुकट आहे, चप्पल घालून आत जायचं, वाटेल तेवढा वेळ थांबायचं, हे तिला मी सांगितलं. मुलाचे वडील रेतीच्या होडीवर होते, बुडी मारून बादलीने रेती काढायचे. ते आता नाहीत. ती बाई चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली, मग जवळ गेली, मग पुन्हा मागे आली. म्हणाली, "वास नाही, पण रंग तोच आहे. भरती लागायच्या आधी असाच दिसतो. उन्हाने भेगाळतो तोपण असाच." चित्रात खरोखरच केसासारख्या भेगा होत्या. मी तीन दिवस ते चित्र हाताळलं होतं आणि त्या भेगा मला गाळ नीट धरला नसल्याची खूण वाटल्या होत्या. तिने सांगितल्यावर मी त्या पहिल्यांदा नीट बघितल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे, की चित्राशेजारी मराठीत चार ओळी लिहा. चित्र कुणाचं, कुठलं, कशाने केलं आणि ते करायला कशामुळे घेतलं. अर्थ सांगू नका, तो माणूस आपला आपण लावतो. त्या आईला अर्थ कुणी सांगितला नव्हता. गाळ आहे, मुंब्र्याचा आहे, एवढंच ठाऊक होतं आणि पुढचं सगळं तिने बघितलं.

मी हे माझ्याकडे येणाऱ्या चित्रकारांना बोललो. काही जणांना ते पटत नाही. ते म्हणतात, चित्राला शब्द लागत नाहीत, चित्र स्वतः बोलतं. मला त्यांच्याबद्दल आदर आहे आणि हे म्हणणं मी उडवून लावत नाही. वासुदेव गायतोंडे यांच्यासारखा चित्रकार रोलर आणि चाकूने रंग लावून वर्षाला मोजकीच चित्रं करायचा, त्या चित्रांसमोर बोलणं नकोसंच वाटतं. पण मग भिंतीवरचा माणसाएवढा इंग्रजी मजकूर कशासाठी? शब्द नकोत असं ठरलं असेल तर कुठल्याच भाषेत नकोत. शब्द आहेत, फक्त काही जणांसाठी आहेत, एवढीच माझी तक्रार आहे.

मराठीला हे जमणार नाही, असंही कुणी म्हणतं. नागावात जन्मलेले प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करत चित्रं काढायचे, एनॅमल रंग वापरायचे, आणि स्वतःच्या चित्रांमागचा विचार त्यांनी मराठीत लिहून ठेवला. अवकाश, आकार, रिकामी जागा यांवर त्यांनी मराठीत लिहिलं आहे आणि ते माझ्यासारख्या माणसालाही दोन-तीनदा वाचल्यावर समजतं. आपल्याकडे शब्दही आहेत. दालनात जमिनीवर वस्तू मांडून केलेल्या कामाला मांडणशिल्प म्हणतात, छापून केलेल्या चित्राला मुद्राचित्र म्हणतात, ज्यात ओळखीची वस्तू नाही त्याला अमूर्त म्हणतात. 'मांडणशिल्प' हा शब्द मला फार आवडतो. मांडणे म्हटलं की रांगोळी आठवते, गौरीपुढची आरास आठवते, आणि समोरच्या पसाऱ्याकडे बघायचं कसं ते अर्धं त्या शब्दातच येतं.

आणि ही कला साध्या माणसांपासून दूरची कधीच नव्हती. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. त्यातले आरा लहानपणी मुंबईत आले तेव्हा घरकाम करायचे, मोटारी धुवायचे. हुसेन सिनेमाचे फलक रंगवायचे. शिडीवर उभं राहून पोट भरणाऱ्या माणसाच्या चित्राकडे शिडीवर उभा राहणारा माझा मुलगा बघू शकत नाही, असं कसं होईल?

आमच्या जिल्ह्याचंच बघा. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. आज ते गाव पालघर जिल्ह्यात आहे, २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने जे काढलं जायचं ते त्यांनी कागद-कापडावर आणलं. १९८९ साली त्यांचं काम पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या समकालीन कलेच्या प्रदर्शनात होतं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. वारली चित्राची फ्रेम माझ्याकडे आठवड्याला एक तरी असते. नेणाऱ्याला ते शोभेचं चित्र वाटतं. ही समकालीन कला म्हणून जगात मान्य झालेली आहे, हे मी सांगितलं की लोक चकित होतात आणि मग चित्रातला तारपा वाजवणारा माणूस, त्याच्याभोवती फिरणारी नाचणाऱ्यांची साखळी बोटाने दाखवत मोजायला लागतात.

दुसरं उदाहरण आमच्या शहरातलं. डॉ. सुधीर पटवर्धन. १९७५ ते २००५ ते ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत होते आणि त्याच काळात चित्रंही काढत होते. इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस, पुलावरून चाललेली गर्दी, उल्हासनगर, लोअर परळ. १९८१ साली 'प्लेस फॉर पीपल' हे सहा चित्रकारांचं प्रदर्शन मुंबईत जहांगीर कलादालनात आणि दिल्लीत रवींद्र भवनात झालं, त्या सहांत भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी यांच्यासोबत ते होते. चित्रात माणसाला परत जागा द्यायची, असा त्या सगळ्यांचा आग्रह होता. २०१९च्या शेवटी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं तेव्हा मी दुकान बंद ठेवून गेलो होतो. 'लोअर परळ'समोर उभं राहिलो तेव्हा गिरणीची चिमणी, चाळ, नवे टॉवर आणि मधून जाणारा पूल बघून मला माझ्या मामाचं घर कुठे येईल ते शोधावंसं वाटलं. कुणाला चिठ्ठी वाचून दाखवावी लागली नाही. पण माझ्या दुकानात येणाऱ्यांना विचारलं, तर 'पटवर्धन डॉक्टरांकडे एक्स-रे काढला होता' हे आठवणारे भेटतात. त्यांची चित्रं पाहिलेले क्वचित.

याच पटवर्धनांनी २००८-०९च्या सुमारास समकालीन भारतीय चित्रांचं एक फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेण्यासाठी पुढाकार घेतला होता. म्हणजे चित्रं हलू शकतात. आम्ही फ्रेमवाले ती हलवतोच.

आपल्या देशाने ५ ऑगस्ट १९५४ रोजी दिल्लीत ललित कला अकादमी स्थापन केली. पुढे चेन्नई, कोलकाता, लखनौ, भुवनेश्वर इथे तिची केंद्रं झाली. राज्यांच्या अकादम्या आहेत, शहरांत कलाभवनं आहेत. लोकांच्या पैशाने चालणाऱ्या या जागा आहेत. खासगी दालनात चित्र विकायचं असतं, त्यांनी कुठल्या भाषेत लिहावं ते त्यांचं त्यांनी बघावं. अकादमीला गिऱ्हाईक शोधायचं नसतं, प्रेक्षक आणायचा असतो. तो ठाण्याहून तासभर लोकल करून येणार असेल तर त्याला दारावर 'प्रवेश विनामूल्य' ही पाटी मराठीत, मोठ्या अक्षरांत दिसायला हवी. आणि सातला दालन बंद होत असेल तर आठवड्यातून एखाद्या दिवशी तरी नऊपर्यंत उघडं हवं, कारण साडेसहाला सुटणारा माणूस दुसरं काय करणार?

त्याहून बरं, मुंबईत प्रदर्शन संपलं की त्यातली पंधरा-वीस चित्रं आठ दिवसांसाठी इकडे आणा. ठाण्यात कापूरबावडीला महापालिकेचं कलाभवन आहे. नवी मुंबईत बेलापूरला तर सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी आखलेली वसाहतच 'आर्टिस्ट व्हिलेज' नावाने ओळखली जाते. सात-सात घरांमध्ये एक चौक, अशी तिची रचना आहे. त्या चौकांत मुलं क्रिकेट खेळतात. तिथे एक रविवार छापील प्रतिकृती आणि मांडणशिल्पं ठेवली तर किती घरांतून माणसं बाहेर येतील, याची मला खात्री वाटते. आपल्याकडच्या कलामहाविद्यालयांतली मुलं तिथे उभी राहून मराठीत, हिंदीत सांगतील. त्यांनाही बोलायची सवय होईल.

चार ओळींचा उपयोग होतो का, हे मी करून पाहिलं आहे. प्रदर्शन संपल्यावर पाचांपैकी तीन चित्रं परत आली. बाईंच्या परवानगीने त्यातलं एक, तेच चौथं, मी दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावलं. आधी पंधरा दिवस नुसतंच. लोक त्याच्याखाली पिशव्या टेकवायचे आणि पट्ट्यांचे नमुने बघायचे. दोघांनी भिंतीला ओल आली आहे का, असं विचारलं. मग माझ्या मुलीने पुठ्ठ्यावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं:

"मुंब्रा रेतीबंदर. खाडीचा गाळ आणि बोटीचा गंज, कॅनव्हासवर. चित्रकार पंधरा वर्षं लोकलच्या दारातून ही खाडी बघत होत्या. वेळ भरती लागण्याच्या जराशी आधीची."

शेवटची ओळ मुलाच्या आईची आहे. बाईंना विचारून घातली. त्या म्हणाल्या, मला ती ओहोटी वाटत होती, पण त्यांचं बरोबर आहे.

त्यानंतर जे घडतं ते मी रोज बघतो. माणूस चिठ्ठी वाचतो, मान वर करतो, दोन पावलं मागे सरकतो. दुकान अरुंद आहे, त्यामुळे मागे सरकणारा काउंटरवर आपटतो. कळव्याचे लोक कळव्याबाजूच्या खाडीबद्दल बोलायला लागतात. नवऱ्याचा फोटो फ्रेम करायला आलेल्या एक बाई दहा मिनिटं उभ्या होत्या, जाताना म्हणाल्या, आमचे हे रोज याच गाडीने जायचे. एका शाळकरी मुलाने विचारलं, मग उल्हास नदीच्या गाळाचा रंग वेगळा येईल का? त्याला मी बाईंचा पत्ता दिला. तो खरंच गेला, एका डब्यात गाळ घेऊन.

अकादम्यांच्या चालकांनी, महापालिकांच्या सांस्कृतिक विभागांनी आणि चित्रकारांनीही यावर विचार करावा, ही कळकळीची विनंती. चिठ्ठी चार बाय सहा इंचांची पुरते. अक्षर एवढं मोठं असावं की चष्मा विसरलेल्या माणसालाही हातभर अंतरावरून वाचता यावं, आणि ती चित्राच्या उजवीकडे, छातीच्या उंचीवर लावावी, म्हणजे मुलांनाही दिसते. ठाणे किंवा नवी मुंबईत असं प्रदर्शन कुणी भरवणार असेल तर त्यातल्या सगळ्या चिठ्ठ्यांचे पुठ्ठे मी माझ्या दुकानातून कापून देईन, पैसे घेणार नाही. लावायला माझा मुलगा येईल. तो म्हणतो, या वेळी मजकूर आधी वाचून मगच हुक मारणार.

आपला,
एक फ्रेमकार
नौपाडा, ठाणे